मनकर्णाबाईचं लो-ला

मोहबोडीच्या जंगलातल्या त्या वाघिणीला मीरा हे नाव कुणी ठेवलं, असं गेटवर कुणालाही विचारा. जिप्सीवाले, गार्ड, चहा पीत बसलेली माणसं, सगळे एकदमच मनकर्णाबाईकडे बोट दाखवतात. आणि मनकर्णाबाई खाकी टोपी डोळ्यांवर ओढून म्हणते, "मी नाई बाप्पा! स्पेनच्या लोकायनं ठेवलं."

ते अर्धं खरं आहे.

मोहबोडी हे ताडोबाच्या बफरमधलं, धानाच्या बांध्यांनी आणि मोहाच्या झाडांनी वेढलेलं गाव. तिथे सफारीचं गेट सुरू झालं तेव्हा गावातल्या बायकांनाही गाईड म्हणून घेतलं, त्यात मनकर्णा पहिली. तिचा बाप गुराखी. लहानपणी बापाच्या मागे मागे ती एवढं जंगल हिंडली होती, की कोणता नाला कुठे वळतो हे तिला स्वतःच्या घरातल्या अंधारासारखं ठाऊक. नवरा धनराज. दोन बांध्यांत धान पिकवायचा आणि गेट झाल्यापासून गेटजवळच चहाची टपरी चालवायचा. तो जितका अबोल, तितकी ही बोलकी. वाघ दिसला नाही तरी मनकर्णाबाईच्या जिप्सीतले लोक नाराज होऊन उतरत नसत. अस्वल मोहाच्या झाडाखाली झिंगून कसं पडलं होतं, रानडुकरानं सरपंचाला झाडावर कसं चढवलं, असं काय काय ऐकून त्यांचं पोट भरलेलं असायचं.

मग कुठल्याशा मोठ्या ट्रॅव्हल कंपनीनं स्पेनच्या लोकांचे ग्रुप पाठवायला सुरुवात केली आणि बाईच्या तोंडाला कुलूप लागलं.

तिला येणारं इंग्रजी ओंजळीत मावेल एवढं. त्यांना तर तेवढंही येत नव्हतं. तीन-तीन तास जिप्सीत तोंड मिटून बसायचं म्हणजे मनकर्णाला उपास घडल्यासारखं व्हायचं. मग तिनं आपली एक युक्ती काढली. बोट दाखवायचं आणि भुवई उडवायची. पाहुणे शब्द सांगायचे, ती तो तोंडात घोळवून पाठ करायची. असं करत वाघ म्हणजे तीग्रे, अस्वल म्हणजे ओसो, वांदर म्हणजे मोनो, पाणी म्हणजे आग्वा, एवढं सामान गोळा झालं. "तीग्रे. आग्वा. तीग्रे!" असं ती म्हणायची आणि पाणवठ्याकडे हात करायची. काम भागायचं. पण हे काही बोलणं नव्हे. नुसत्या विटा रचल्या, त्याला भिंत कोण म्हणेल?

अशातच एकदा सकाळी बांबूतून ती वाघीण बाहेर आली. जिप्सीतले सगळे एकमेकांचे दंड धरून कुजबुजायला लागले, "मीराला! मीराला!"

मनकर्णाच्या कानात ते बरोबर बसलं. पुढच्या आठवड्यात दुसरा ग्रुप आला, वाघीण दिसली, आणि पुन्हा तेच. "मीराला! मीराला!" आता दोन वेगवेगळ्या ग्रुपचे लोक एकाच वाघिणीला एकाच नावाने हाक मारतात, म्हणजे काय समजायचं? मनकर्णाने संध्याकाळी टपरीवर जाहीर केलं, "आपली वाघीन तिकडं टीव्हीवर दाखवत असन. मीरा म्हनतात तिले. अन् आयका, 'मीराले' नाई म्हनत, 'मीराला' म्हनतात. पुण्यावाल्यायसारखं!"

धनराज एरवी बोलत नसे, पण बातमी चहाबरोबर फुकट द्यायची असेल तर तो मागेपुढे पाहत नसे. महिनाभरात अख्खं गेट त्या वाघिणीला मीरा म्हणायला लागलं. जिप्सीवाले नागपूरच्या पाहुण्यांना सांगायला लागले, "आज मीरा दिसन, पक्का."

खरं काय ते जिशान आला तेव्हा उघडकीला आलं. जिशान चंद्रपूरचा, बांगड्यांच्या दुकानदाराचा मुलगा. हैदराबादला राहून स्पॅनिश शिकलेला आणि आता त्या ग्रुपबरोबर दुभाषी म्हणून हिंडणारा. पहिल्याच दिवशी सफारीवरून परत आल्यावर त्याने विचारलं, "बाई, कोन दिसलं आज?"

"मीरा."

"कोन मीरा?"

"आता हे तुमी मले इचारता? तुमच्याच लोकायनं ठेवलं न नाव! पाह्यली का लगेच म्हनतात, मीराला, मीराला."

जिशानने आधी टपरीचा बाक धरला, मग तो बाकावर बसला, आणि मग हसता हसता बाकावरून खाली उतरून जमिनीवर बसला. धनराजने घाबरून पाण्याचा गिलास पुढे केला.

"बाई," डोळे पुसत जिशान म्हणाला, "'मीरा' म्हंजे बघ. अन् 'ला' म्हंजे तिले. मीराला, म्हंजे 'बघ तिले'!"

मनकर्णाने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "मंग वाघ असता तं?"

"मीरालो."

"अवं माय! म्हनजे बाई असली तं 'ला' अन् गडी असला तं 'लो'?"

"हाव."

"अन् लय बाया असल्या तं?"

"लास. लय गडी असले तं लोस."

आता नाव बदलायला उशीर झाला होता. मीरा ती मीराच राहिली. पण मनकर्णाने त्याच दिवशी ठरवलं. "माह्या अडानीपनानं एका वाघिनीचं बारसं झालं. आता शिकाच लागते, जिशानभाऊ. नाई तं उद्या मी अस्वलाचं लगन लावीन."

सकाळची आणि दुपारनंतरची सफारी यांच्या मधला वेळ मोकळा असायचा. ग्रुप असेल त्या दिवसांत जिशान टपरीवर बसून शिकवायचा, आणि मनकर्णा शिकायची तीही बाकावर मांडी घालून, धान निवडायला बसावं तशी.

"बघा बाई. 'मे' म्हंजे मले. 'ते' म्हंजे तुले."

"थांबा, थांबा." मनकर्णाने हात वर केला. "मे म्हनजे मले. ते म्हनजे तुले. मले, तुले. मे, ते! हे तं आपलंच होय!" एकदा पुण्याच्या एका पाहुणीने तिचं 'मले-तुले' ऐकून दिवसभर नक्कल केली होती. तो काटा तिच्या मनात होता. "आता येऊ द्या तिले. म्हनीन, स्पेनात जाऊन पाय, कोनाच्या जवळची बोली आहे ते."

जिशानला ते काही शास्त्रात बसणारं वाटलं नाही, पण शिकणाऱ्याचा हुरूप मोडू नये एवढी अक्कल त्याला होती. त्याने पुढचं सांगितलं. 'वेओ' म्हणजे पाहतो. 'ला वेओ' म्हणजे तिले पायतो. इंग्रजीत हे 'तिला' उठून शेवटी जातं, यांच्यात आपल्यासारखंच आधी येतं.

"आणि मीराला? त्यात तं 'ला' मांगं आहे."

"तो हुकूम आहे न बाई. हुकूम दिला का ते शब्दाच्या मागे चिकटते."

"शेपटीवानी," मनकर्णा म्हणाली, आणि तो नियम तिच्यापुरता कायमचा पक्का झाला.

अडचण आली ती पुढे. आपल्यात तो, ती, ते असे तिघं. त्यांच्यात दोघंच. 'ते' नावाचा प्राणीच नाही. "मंग लेकराले का म्हनतात? वासराले?" मनकर्णाला मोठी काळजी पडली. शिवाय त्यांचा चंद्र बाई निघाला. हात तर आपल्यात चांगला गडी, तिकडे तोही बाई. जिशान म्हणे, एकेक पाठ करावं लागतं. मनकर्णाने एवढा पसारा डोक्यात ठेवण्यापेक्षा आपला एक सोपा हिशेब लावला. आपलं जे जे 'ते', ते सगळं तिकडं 'लो' मध्ये टाकायचं. जिशानला तिने हा हिशेब सांगितला नाही, आणि तिथेच ती फसली.

घरी मात्र धुमाकूळ. कोंबड्यांना दाणे टाकताना 'लास वेओ', बोकड दिसला की 'लो वेओ', धनराजने चष्मा शोधला की 'नो लो वेओ'. धनराज एकदा दारात थांबून म्हणाला, "कोनाशी बोलून राह्यली?"

"बकरीशी."

"तिले समजते?"

"ला," मनकर्णा म्हणाली. "बकरी 'ला' मध्ये येते."

धनराज चष्मा न घेताच टपरीवर गेला.

एप्रिलमध्ये, मोह गळायच्या दिवसांत, एक ग्रुप आला. त्यात पिलार नावाची एक निवृत्त शाळामास्तरीण होती आणि तिचा नवरा रामोन. पिलार ठेंगणी, पांढऱ्या केसांची, आणि डोळ्यांत सदा काहीतरी विचारायचं असलेली. रामोन आडवा, लाल गालांचा, हसला की जिप्सी हलायची. पहिल्या सकाळी ही दोघं मनकर्णाच्या जिप्सीत आणि जिशान मागच्या जिप्सीत.

एका मोठ्या मोहाखाली वांदरांचा कळप बसला होता. पिवळसर फुलांचा सडा पडलेला, आणि वांदरं दोन्ही हातांनी फुलं खात होती. एक वांदरीण पिल्लू छातीशी धरून, अगदी माणसासारखी बसून खात होती. पिलारने फुलांकडे बोट केलं आणि सावकाश विचारलं, "लास कोमेन?"

मनकर्णाच्या अंगावर काटा आला, कारण तिला ते समजलं! कोमेन, म्हणजे खाता. त्यांना खाता का? मोहफुलं आम्ही खातो का, असं बाई विचारते. आता उत्तर. मोहफूल कोण? ते मोहफूल. आपलं 'ते' म्हणजे त्यांचं 'लो'. लय असले तर लोस. मनकर्णाने पाठ ताठ केली, आयुष्यातलं पहिलं पूर्ण स्पॅनिश वाक्य तयार केलं, आणि वांदरांच्या दिशेला हात फिरवत खणखणीत आवाजात म्हणाली, "सी! लोस कोमेमोस. मूय रीकोस! कोन आसूकार!"

म्हणजे, हो, त्यांना आम्ही खातो. फार चवदार लागतात. साखर घालून.

पण फूल तिकडे बाई आहे. फुलं असती तर 'लास'. आणि झाडाखाली जे 'लोस' होते, ते फक्त वांदर.

रामोनचं हसू गालातच राहिलं. पिलारने पिल्लू धरलेल्या वांदरिणीकडे बघितलं, मग मनकर्णाकडे, आणि गळ्यातला रुमाल घट्ट केला. नंतरची सगळी फेरी कुणी काही विचारलं नाही. मनकर्णाला वाटलं, आपलं स्पॅनिश ऐकून लोक चाट पडले. तिने त्या खुशीत दोनदा आणखी सांगितलं, लोस कोमेमोस, घरी, लेकरं पण.

दुसऱ्या दिवशी तर तिने कमालच केली. रात्री जागून, प्रेम ओतून मोहफुलांचे लाडू बनवले आणि सकाळी टपरीवर डबा उघडून पिलारच्या नाकासमोर धरला. "कोमे! रीको!"

पिलारने डब्यात पाहिलं. काळपट, चिकट, गोल. ती दोन पावलं मागे सरली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मोनो?"

"का मोनो?" मनकर्णा म्हणाली. "जिशानभाऊ, इकडं या बरं! हे बाई लाडवाले वांदर काऊन म्हनून राह्यली?"

जिशानने पिलारचं ऐकलं, मनकर्णाचं ऐकलं, पुन्हा पिलारचं ऐकलं. त्याने धनराजच्या टपरीचा खांब आधीच धरून ठेवला होता, म्हणून तो या वेळी जमिनीवर गेला नाही.

"बाई, तुमी यायले सांगतलं का तुमी वांदरं खाता. साखर टाकून. घरी, लेकरायसंगट."

"मी?" मनकर्णाने कानाच्या पाळ्या धरल्या. "मारोतीराया! मी मेली काऊन वांदर खाईन? आमच्या मारोतीची फौज ते!" आणि तिने डब्यातला लाडू फोडला, खाली पडलेलं मोहफूल उचललं, दोन्ही पिलारच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "हे पाय. फूल. फूल!"

"आ! ला फ्लोर!" पिलारचा चेहरा उजळला. मग तिने एक लाडू खाल्ला. मग रामोनच्या हातातला काढून घेऊन दुसरा खाल्ला. आणि पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली ती बाई आपण होऊन म्हणाली, की उरलेले दिवस दुपारी या विद्यार्थिनीला ती स्वतः शिकवेल. जिशानने फक्त इकडचं तिकडं सांगायचं.

अशी टपरीवर शाळा भरली. पिलारने पहिल्याच दुपारी चहा गाळणाऱ्या धनराजकडे बोट केलं. हा कोण?

"मी मारीदो," मनकर्णा म्हणाली. माझा नवरा. हे जिशानने आधीच शिकवलं होतं.

नाव काय?

मनकर्णा हसली आणि टोपीशी चाळा करायला लागली. पिलारने पुन्हा विचारलं. मनकर्णाने धनराजकडे पाहिलं, धनराजने चहाच्या भांड्याकडे. शेवटी जिशानने सांगितलं, की इकडच्या गावांत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

मग हाक कशी मारते?

"अवो."

आणि दुसऱ्याला सांगायचं असेल तर?

"हे. ते. त्याइले सांगा, त्याइले बोलवा."

पिलारने दोन्ही हात कपाळाला लावले. जिशान सांगत होता आणि हसत होता. "बाई म्हनतात, मी सारी उमर पोरायले एकच सांगत आली. आधी नाव घ्या, मंग त्याच्या जागी 'लो' ठेवा. नाव न घेता 'लो' म्हनलं तं समोरच्याले कसं समजन कोन ते? अन् तुमी लगन झाल्यापासून एकदाबी नाव न घेता नुसतं 'लो'वर संसार केला!"

"गावाले माहीत आहे न तो कोन ते," मनकर्णा म्हणाली. "अन् आमी जंगलात वाघाचंबी नाव नाई घेत. 'तो' आला, 'तो' गेला. वाघ अन् नवरा, नाव घेतलं का दोघंबी समोर येऊन उभे राह्यतात."

रामोनने विचारलं, दोघांत फरक काय?

"एक चाय पाजते," मनकर्णा म्हणाली.

धनराजने हे ऐकलं नाही असं दाखवलं, पण चहात साखर दोनदा टाकली.

मग पिलारने वाक्य दिलं. 'ले वेओ.' त्याले पायतो. रामोनने लगेच मान हलवली. 'लो वेओ!' तो दक्षिणेचा, ती मधल्या मुलखातली. तिच्या गावाकडे गड्याला 'ले' म्हणतात, त्याच्या गावाकडे 'लो'च, आणि हे भांडण त्यांच्या लग्नाइतकंच जुनं असावं, कारण दोघंही मोठ्या सवयीने त्यात शिरली. हातवारे झाले, आवाज चढले, कपातला चहा सांडला.

"का झालं?" धनराजने बायकोला हळूच विचारलं. "माह्यावरून भांडून राह्यले का ते?"

"हाव. तुमाले 'लो' म्हनाव का 'ले' म्हनाव, यावरून."

"धनराज म्हना म्हनाव," धनराज म्हणाला.

मनकर्णाने मात्र बाजू घेतली. "पिलारबाई बराबर. त्याले. ले! आमचंबी ले, तुमचंबी ले." पिलारने तिला मिठी मारली आणि रामोनला जीभ काढून दाखवली. मास्तरीण होती म्हणून काय झालं.

ग्रुपच्या शेवटच्या सकाळी जंगल अगदी गुमान होतं. नाल्याच्या वळणावर चितळ ओरडलं. मनकर्णाने हात वर केला, जिप्सी थांबली. बांबूच्या सावलीत पट्ट्यासारखं काहीतरी हललं. तिने ना 'तीग्रे' म्हटलं, ना 'आग्वा', ना बोट नाचवलं. ओठ न हलवल्यासारखं म्हणाली, "ला वेओ."

तिले पायतो. जिप्सीतल्या एकाही माणसाने 'कुणाला' म्हणून विचारलं नाही. मीरा बाहेर आली, रस्त्यात बसली, जांभई दिली आणि आपल्या मनाने उठून गेली. पिलारने मनकर्णाचा हात दाबून धरला होता. तो गेटपर्यंत तसाच होता.

गेटवर उतरली तेव्हा मनकर्णाच्या अंगात बारा हत्तींचं बळ होतं. धूळ खाऊन घसा सुकलेला. समोर धनराज किटली घेऊन उभा. मागे पिलार, रामोन, सगळा ग्रुप. आता शेवटचं काहीतरी झोकात बोलून दाखवावं, असं तिला वाटलं. चाय पाहिजे. चाय म्हणजे 'ते', हे ती रामोनकडून शिकलेली. पाहिजे म्हणजे 'किएरो'. आपल्या बोलीत आधी चाय, मग पाहिजे. तिने कमरेवर हात ठेवला, नवऱ्याकडे पाहिलं आणि सगळ्या गेटला ऐकू जाईल असं म्हणाली,

"ते किएरो!"

ग्रुपमध्ये टाळ्या. रामोनने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. पिलारच्या डोळ्यांत पाणी. एक तरुण पोरगी तर धनराजचा फोटो काढायला लागली. धनराज किटली धरून तसाच. कुणाच्या तरी कपात चहा ओतत होता, तो कप भरून बशीत आणि बशी भरून बाकावर गेला.

"का झालं?" मनकर्णा म्हणाली. "चायच तं मांगली!"

जिशानने तिला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पण तो चंद्रपूरचा पोरगा, असा मोका सोडणार थोडाच. त्याने तिथूनच आवाज दिला. "बाई, 'ते' म्हंजे चाय, पन 'ते' म्हंजे तुले बी, अन् 'किएरो' म्हंजे जीव लावतो बी! तुमी धनराजभाऊले म्हनलं, माह्यं तुमच्यावर प्रेम आहे!"

जिप्सीवाल्यांनी हॉर्न वाजवले. गार्डने गेटचा आडवा बांबू विनाकारण वर-खाली केला. मनकर्णा जिप्सीच्या मागे गेली ती ग्रुपची गाडी सुटेपर्यंत बाहेर आली नाही. पिलारला निरोपाची मिठीसुद्धा तिने तिथेच, चाकाला टेकून मारली. पिलार तिच्या कानात काहीतरी म्हणाली. ते तिला समजलं नाही आणि जिशानला विचारायची तर सोयच नव्हती.

धनराज दिवसभर एक शब्द बोलला नाही. तो तसाही बोलत नसे, पण आजचं न बोलणं वेगळं होतं. संध्याकाळी मनकर्णा बकऱ्यांना पाला टाकत होती. तो येऊन खुंट्याजवळ उकिडवा बसला. बराच वेळ दोरीची गाठ सोडत-बांधत राहिला.

"सकाळी का म्हनलं होतं तुनं?"

"चाय मांगली."

"मंग टाळ्या काऊन वाजवल्या त्याइनं?"

"त्याइच्यात 'ते' म्हनजे चाय. अन् 'ते' म्हनजे तुले. आयकाले एकच येते."

धनराजने यावर विचार केला. बकरीने त्याच्या हातातला पाला ओढून घेतला, तरी त्याचा विचार चालूच होता.

"अन् तुनं कोनतं म्हनलं?"

"चायवालं," मनकर्णा म्हणाली.

"बरं."

तो उठून आत गेला. मनकर्णाला वाटलं, संपलं एकदाचं. पण पाला टाकता टाकता तिच्या लक्षात आलं, की हा माणूस आत जाऊन दिवा लावताना काहीतरी गुणगुणतोय. ज्या माणसाने मुलांच्या पाळण्याशी कधी अंगाई म्हटली नाही, तो. तिने कान दिला. सूर कुठलाच नव्हता. नुसतं हं-हं-हं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टपरीवर आली. ग्रुप नव्हता, नागपूरच्या दोन गाड्या होत्या. जिप्सीवाले बाकावर, गार्ड खांबाला टेकून.

"अवो, चाय द्या."

धनराज गिलास विसळत राहिला.

"अवो, चाय!"

"असं नाई," तो गिलासाकडेच बघत म्हणाला.

"मंग कसं?"

"तिकडलं म्हन."

बाकावरच्या एकाने तोंडात घातलेलं बिस्किट चावायचं थांबवलं. मनकर्णाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, टोपी नाकापर्यंत ओढली आणि पुटपुटली, "ते किएरो."

"आयकू नाई आलं," गार्ड म्हणाला.

"तुले नाई म्हनलं!" मनकर्णा टोपीखालून कडाडली. धनराजने मात्र ऐकलं होतं. त्याने चहा ओतला, काठोकाठ, आणि गिलास बाकावर न ठेवता तिच्या हातात दिला.

आता मोहबोडीच्या गेटवर आणखी दोन बायका गाईड झाल्यात, रीता आणि गुलाब. स्पॅनिश ग्रुपचा हंगाम आला की मनकर्णाबाई त्यांना दुपारी बाकावर बसवून शिकवते. आधी मले-तुले, मग लो-ला, मग शेपटीचा नियम. फूल बाई आहे, हे तर ती तीन-तीनदा म्हणवून घेते. सगळ्यात शेवटी चहा मागायचं वाक्य येतं. तेव्हा ती धनराजची पाठ आहे ना हे बघते आणि आवाज खाली आणून बजावते, "हे पाहा पोरीहो, हे आपापल्या घरीच म्हना. इथी, या टपरीवर, नोका म्हनू."